नाताळबाबाचं बदलीपत्र

"पाळकसाहेब, नाताळबाबाचा बाप्तिस्मा झालाय का?"

हा प्रश्न चर्चच्या मंडळीच्या सर्वसाधारण सभेत, 'आयत्या वेळचे विषय' या सदराखाली, रीतसर हात वर करून विचारण्यात आला. विचारणारी पंधरा वर्षांची होती आणि मैत्रिणी तिला तोफ म्हणत. मागच्या वर्षापर्यंत हजेरीला 'हजर' म्हणतानासुद्धा ती पुटपुटायची. मग वक्तृत्व स्पर्धेत तिचा दुसरा नंबर आला (एकूण स्पर्धक दोन), आणि तेव्हापासून तिचा आवाज जो सुटला तो परत जागेवर गेलाच नाही.

खरं तर प्रश्न तिचा नव्हताच. मागच्या रांगेतल्या दोन मैत्रिणींनी पैज लावली होती. "विचारून दाखव, महिनाभर तुझं दप्तर आम्ही उचलतो." तोफेचा हिशेब साधा होता. पाळकसाहेब हसतील, सभा हसेल, लोक चहाला उठतील आणि सोमवारपासून आपले खांदे मोकळे.

पाळकसाहेब हसले. सभाही हसली. पण पहिल्या रांगेत हेडमास्तर बसले होते. ते मंडळीतले ज्येष्ठ पंच. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना अकरा वर्षं झाली होती. हसण्यातून ते त्याआधीच निवृत्त झाले होते. लग्नपत्रिका हातात पडली की आधी तिच्यातल्या चुकांवर लाल खुणा करायच्या आणि मग आशीर्वाद द्यायचे, अशी त्यांची पद्धत. ते उभे राहिले.

"प्रश्न रास्त आहे," ते म्हणाले. "नियम चौदा. मंडळीच्या आवारात लहान मुलांमध्ये सेवा करणारी व्यक्ती बाप्तिस्मा झालेली आणि सभासद म्हणून नोंदलेली असली पाहिजे. हा गृहस्थ बावीस वर्षं आपल्या आवारात मुलांना भेटी वाटतोय. त्याचा एक तरी कागद कोणी पाहिलाय?"

कोणीच पाहिला नव्हता. सगळ्यांच्या माना सेक्रेटरींकडे वळल्या.

सेक्रेटरी म्हणजे तोफेचे पप्पा. ते वजनमापं तपासण्याच्या खात्यात होते. दुकानदाराच्या वजनात ग्रॅमभर कमी निघालं तर त्यांना जेवण जात नसे. आणि गेली नऊ वर्षं नाताळबाबाचा लाल डगला तेच घालत होते. दहा वर्षांवरच्या प्रत्येकाला ही गोष्ट ठाऊक होती. पण त्या सभेत सव्वीस मुलंही बसली होती. सगळ्यांत पुढे, खुर्चीवरून पाय हलवत, तोफेची सात वर्षांची बहीण चिमणी. म्हणजे उत्तर सभेतल्या प्रत्येक मोठ्या माणसाला माहीत होतं आणि नेमकं त्यामुळेच ते कोणालाही देता येत नव्हतं.

"तपासून सांगतो," पप्पा म्हणाले आणि तसं त्यांनी इतिवृत्तात लिहूनही घेतलं.

घरी आल्यावर मम्मीने पर्स टेबलावर आपटली. मम्मी संडे स्कूल चालवायची. मागच्याच महिन्यात तिने मुलांकडून 'मी नेहमी खरे बोलेन' असा रंगीत तक्ता करून घेतला होता.

"तुला दुसरा प्रश्न सुचला नाही?"

"पैज होती, मम्मी."

"पैज! अगं, पप्पांचं तोंड बघितलंस का?"

"मग सरळ सांगून टाका ना. नाताळबाबा म्हणजे पप्पा, एक गंमत, संपलं."

"हळू बोल!" मम्मीने आतल्या खोलीकडे पाहिलं. चिमणी तिथे चित्रं रंगवत होती. "डिसेंबरात माझ्या वर्गात साठ मुलं असतात. जानेवारीत नऊ. त्याला बंद केलं की डिसेंबरातही नऊ."

"पण मुलं येशूसाठी येतात ना?"

"येतात की. पण नाताळबाबाच्या मागून येतात." मम्मी खुर्चीवर बसली आणि तिचा आवाज खाली आला. "आणि ते जाऊ दे. आज चिमणीला सांगितलं की तो खोटा, तर उद्या ती विचारेल, मग गव्हाणीतलं बाळ? दोन्ही गोष्टी मीच सांगितल्यात तिला. एकाच पलंगावर बसून. एकाच आवाजात."



तेवढ्यात चिमणी हातात लाल खडू घेऊन बाहेर आली. "ताई, नाताळबाबा खरा आहे का?"

इथे एक जुना करार सांगायला हवा. दोन वर्षांपूर्वी तोफेने चिमणीला सांगितलं होतं की इंजेक्शन अजिबात दुखत नाही. दुखलं. तेव्हा चिमणी तीन दिवस ताईशी बोलली नाही, आणि चौथ्या दिवशी तोफेने करंगळी अडकवून शपथ घेतली होती की तुझ्याशी पुन्हा कधी खोटं बोलणार नाही. तेव्हापासून चिमणीचं सगळं जग ताईच्या शब्दावर उभं होतं. बी गिळल्यावर पोटात झाड येत नाही, अंधार म्हणजे फक्त दिवा नसणं, हे सगळं ताई म्हणाली म्हणून खरं.

"तपासून सांगते," तोफ म्हणाली. आणि तिच्या लक्षात आलं की हे आपण अगदी पप्पांच्या आवाजात बोललो.

"कधी?"

"नाताळच्या आत."

चिमणीने मान डोलावली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात नाताळच्या आदल्या रविवारी लाल खडूने फुली मारली.

पुढच्या आठवड्यात 'नाताळबाबा सभासदत्व उपसमिती' स्थापन झाली. अध्यक्ष हेडमास्तर, सदस्य पाळकसाहेब, निमंत्रक सेक्रेटरी. उपसमितीने एकमताने ठरवलं की त्याला बंद करायचं नाही, नियमात बसवायचं. बाहेरगावाहून आलेल्या माणसाला सभासद करून घ्यायचं, तर त्याने आपल्या आधीच्या मंडळीच्या पाळकांचं बदलीपत्र आणायचं, ही मंडळीची पूर्वापार रीत. त्यामुळे पप्पांनी 'मा. पाळक, उत्तर ध्रुव' यांना विनंतीपत्र पाठवलं. ते सोळा दिवसांनी 'पत्ता अपुरा' असा शेरा घेऊन परत आलं.

आता अर्धवट राहिलेला कागद पप्पांना सहन होत नसे. एका शनिवारी दुपारी त्यांनी जेवणाच्या टेबलावर कोरा कागद घेतला, पेन डाव्या हातात धरलं आणि उत्तर लिहायला बसले.

"पप्पा, हे खोटं आहे," तोफ म्हणाली.

"खोटं कसं? ते पाळक उपलब्ध नाहीत. मी त्यांच्या वतीने लिहितोय."

"मग डाव्या हाताने का?"

पप्पांनी कागद स्वतःकडे ओढला. "उजव्या हाताचं अक्षर सगळे ओळखतात," ते म्हणाले. शिक्का हवा होता, म्हणून त्यांनी खात्याच्या पेटीतलं दोनशे ग्रॅमचं प्रमाणित वजन शाईत बुडवून कागदावर दाबलं. बावीस वर्षांच्या नोकरीत त्या वजनाने केलेलं हे पहिलं चुकीचं काम.

पत्र झकास जमलं होतं. 'सदर बंधू आमच्या मंडळीत दीर्घकाळ असून त्यांची वागणूक समाधानकारक आहे. बाप्तिस्मा झालेला आहे. व्यसन नाही. वजन थोडे जास्त आहे. प्रवासाची आवड.'

नाताळबाबाच्या मुलाखतीच्या दिवशी एक अडचण आली. सेक्रेटरी आणि अर्जदार एकाच वेळी एका खोलीत हजर राहू शकत नव्हते. दारापाशी मुलं घुटमळत होती, त्यामुळे कोणी काही बोललंही नाही. इतिवृत्तात 'सेक्रेटरी खाजगी कामामुळे गैरहजर' अशी नोंद झाली आणि अक्षर चांगलं म्हणून टिपणं घ्यायला तोफेला बसवलं. अर्जदार लाल डगला, कापसाची दाढी आणि तपकिरी बूट घालून आले. डगल्याला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता.

"तुम्ही भेटी कोणाला देता?" हेडमास्तरांनी विचारलं.

"चांगल्या मुलांना," दाढीतून आवाज आला.

"म्हणजे लायकी बघून. पण शास्त्र सांगतं की कृपा लायकी बघून मिळत नाही."

"मग सगळ्यांना देतो."

"मग शिस्तीचं काय?"

"मग... चांगल्या मुलांना देतो."

"आणि कृपेचं काय?"

पाळकसाहेबांनी घसा खाकरला. ते स्वभावाने इतके गोड होते की त्यांच्यासमोर भांडणारे दोघंही आपणच जिंकलो असं समजून घरी जात. चाळीस मिनिटं चर्चा झाली. शेवटी जो ठराव झाला तो तोफेने सुवाच्य अक्षरात उतरवला: 'भेट निव्वळ कृपेने मिळेल. मात्र कृपेसाठी संडे स्कूलची पंच्याहत्तर टक्के हजेरी आवश्यक राहील.'

"सगळ्यांचं समाधान झालं," पाळकसाहेब म्हणाले.

अशा रीतीने कापडी पाठीच्या जाड नोंदवहीत नवीन नाव चढलं. सभासद क्रमांक दोनशे एकसष्ट. नाव, नाताळबाबा. वडिलांचे नाव, आढळत नाही. व्यवसाय, वाटप.

इथे विषय संपायला हरकत नव्हती. पण वहीत नाव चढलं की वहीचे बाकीचे नियमही त्याला लागू होतात, आणि हेडमास्तरांना नियम पाठ होते. नियम नऊ असा: सबळ कारणाशिवाय सलग बारा रविवार उपासनेला न येणाऱ्या सभासदाला नोटीस द्यावी. क्रमांक दोनशे एकसष्ट बावीस वर्षं वर्षातून एकदाच आले होते. तेही उपासना संपल्यावर. नोटीस निघाली आणि सूचना फलकावर लागली.

चिमणीची जोडाक्षरं नुकतीच पक्की झाली होती, त्यामुळे ती जिथे दिसतील तिथे मोठ्याने वाचायची. "नाताळबाबा यांचे नाव... सभासद यादीतून... कमी का करण्यात येऊ नये..." तिथपर्यंत तिने ठणठणीत वाचलं. मग ती कोणाला काही न विचारता थेट पंचांच्या बैठकीत घुसली. मागोमाग तोफ.

"तो येतो!" चिमणी टेबलासमोर उभी राहून म्हणाली. टेबल तिच्या हनुवटीपर्यंत येत होतं. "मी बघितलंय. त्याच्याकडे बूट नाहीत म्हणून पप्पा त्याला स्वतःचे देतात. डावा चालताना कुरकुरतो. तो गरीब आहे म्हणून रोज येत नाही. त्याला काढू नका."

पप्पांनी टेबलाखाली हळूच पाय मागे घेतला. डावा बूट कुरकुरला.

तोफेने चिमणीकडे पाहिलं. नऊ वर्षांत मंडळीतल्या एकाही माणसाला नाताळबाबाच्या पायांकडे पाहावंसं वाटलं नव्हतं. हिने पाहिलं होतं आणि त्यातून आपल्या बापाबद्दल इतकी चांगली गोष्ट शोधून काढली होती की ती खोटी आहे असं सांगायला तोंड उघडेना. तोफेला एकदम राग आला. नेमका कोणाचा ते कळेना, म्हणून तिने सगळ्यांनाच विचारलं. ह्या वेळी पैज नव्हती.

"नोटीस फक्त त्यालाच का? वर्षातून एकदा येणाऱ्या बाकीच्यांचं काय?"

"नियम सर्वांना सारखा," हेडमास्तर म्हणाले आणि त्यांनी हजेरीवही मागवली. सवयीचा माणूस, आपण काय मागवतोय हे वही उघडल्यावरच त्यांच्या लक्षात आलं.

बाकीच्या दोनशे साठ सभासदांपैकी एकशे अठ्ठ्याण्णव जण फक्त नाताळला येत होते. ठेवणीतले कपडे घालून यायचे, गोड खायचे, समोर येईल त्या मुलाचा गाल ओढून "कितवीत गेलास रे?" विचारायचे आणि पुढच्या डिसेंबरपर्यंत अदृश्य व्हायचे. नाताळबाबाही तेच करायचा. फरक इतकाच, की तो जाताना काहीतरी देऊन जायचा.

पंचांनी वहीकडे पाहिलं. मग एकमेकांकडे. मग चहा मागवला.

"एकशे नव्व्याण्णव नोटिसा काढल्या," एक पंच हलक्या आवाजात म्हणाले, "तर माझ्या सासऱ्यांपासून सुरुवात होईल."

हेडमास्तरांनी पेन्सिल घेऊन आकडेमोड केली. तीस वर्षं मुलांना पास करण्याचा अनुभव शेवटी कामी आला. "नियम सरासरी सभासदासाठी असतो," त्यांनी जाहीर केलं. "आणि सरासरी पाहता सदर बंधू नियमित आहेत. नोटीस मागे."

चिमणीने टाळ्या वाजवल्या. पंचांनीही वाजवल्या; त्यांचा सुटकेचा आनंद तिच्यापेक्षा मोठा होता. त्या उत्साहातच आणखी एक प्रश्न सुटला. पंचांमधली एक जागा दोन वर्षं रिकामी होती, कारण मंडळीत दोन गट होते आणि एका गटाला चालणारा माणूस दुसऱ्याला बघवत नसे. आता मात्र असा सभासद सापडला होता, ज्याने बावीस वर्षांत कोणाशी वाद घातला नव्हता, कोणाची खुर्ची अडवली नव्हती, लाऊडस्पीकरच्या आवाजाबद्दल चिठ्ठी पाठवली नव्हती. दोन्ही गटांनी हात वर केले. क्रमांक दोनशे एकसष्ट बिनविरोध पंच झाले.

मम्मीने ही बातमी ऐकली आणि हातातला इस्त्रीचा कपडा तसाच खाली ठेवला. "आता कधी सांगायचं हो चिमणीला? आता तर तो निवडून आलाय."

"सगळं कागदोपत्री बरोबर आहे," पप्पा म्हणाले. पण त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

प्रत्येक पंचाला एकेका महिन्याची जबाबदारी असे. डिसेंबर नव्या पंचाकडे आला. आणि त्या डिसेंबरात तोफेचं दृढीकरण होतं. म्हणजे पंचांसमोर तोंडी परीक्षा द्यायची, आपला विश्वास आपल्या तोंडाने कबूल करायचा आणि मोठ्यांच्या यादीत जायचं. तोफेने वर्षभर तयारी केली होती. ही एक गोष्ट ती कोणाच्या पैजेवर करत नव्हती. परीक्षा नाताळच्या आदल्या रविवारी होती. कॅलेंडरात त्या तारखेवर लाल फुली होती.

उपासनेच्या हॉलला लागून एक लहान खोली होती, तिथे टेबलामागे तिघं बसले होते. पाळकसाहेब, हेडमास्तर आणि मधे लाल डगला. दार अर्धवट उघडं होतं, आणि बाहेरच्या बाकावर चिमणी बसली होती, म्हणून दाढी काढता येत नव्हती. तोफेने पाठांतर न अडखळता म्हटलं. हेडमास्तरांनी दोनदा मान हलवली. त्यांच्या हिशेबात ही मिरवणूकच. मग शेवटचा प्रश्न. तो डिसेंबरच्या पंचाने विचारायचा.

पप्पांनी पुस्तक डोळ्यांजवळ नेलं. दाढीचा कापूस श्वासासरशी आत-बाहेर होत होता.

"तू..." ते थांबले. पुन्हा सुरुवात केली. "तू सर्व असत्य सोडून दिले आहेस काय?"

तोफेने पप्पांच्या डोळ्यांत पाहिलं. दाढी आणि टोपी यांच्यामध्ये तेवढेच त्यांचे स्वतःचे उरले होते, आणि ते भरले होते. टेबलावर तिचं प्रमाणपत्र होतं. साक्षीदाराच्या रकान्यासमोर पप्पांनी पेन डाव्या हातात धरून ठेवलं होतं.

"तपासून सांगते," तोफ म्हणाली, आणि बाहेर जाऊन चिमणीशेजारी बाकावर बसली.

दहा मिनिटांनी मम्मी धावत आली. पप्पा खोलीबाहेर आले होते. दाढी खिशात कोंबलेली, तिचं एक टोक बाहेर लोंबत होतं. बाकावर तोफ एकटीच होती. चिमणी हॉलमध्ये पुढे जाऊन गव्हाणीच्या देखाव्यापाशी उकिडवी बसली होती.

"काय झालं? काय सांगितलंस तिला?" मम्मीने विचारलं.

"खरं. डगला एकच आहे, घालणारे बदलतात, नऊ वर्षं पप्पा घालतात. बूट पप्पांचे, पाय पण पप्पांचेच."

मम्मीने बाकाची कड धरली. "रडली?"

"थोडी. मग म्हणाली, म्हणजे भेटी पप्पाच द्यायचे आणि नाव दुसऱ्याचं सांगायचे? आणि तिला ते फार आवडलं."

पप्पांनी खिशातली दाढी आणखी आत ढकलली.

"आणि बाळाचं?" मम्मीचा आवाज अगदी बारीक झाला होता. "गव्हाणीतल्या बाळाचं विचारलं असेल."

"विचारलं. म्हणाली, त्याचं नाव वहीत आहे का? मी म्हटलं, नाही. बदलीपत्र? नाही. पंच आहे का? नाही. मग म्हणाली, बरं झालं, आणि त्याच्याजवळ जाऊन बसली."

तिघांनी हॉलकडे पाहिलं. चिमणी गव्हाणीतलं गवत सारखं करत होती.

तोफ उठून उभी राहिली. तिने हात वर केला; सर्वसाधारण सभेत केला होता, तसाच.

"मम्मी, पप्पा, मी ठरवलंय. माझ्या प्रमाणपत्रावर सही पप्पांची पाहिजे. उजव्या हाताची. ती होईपर्यंत माझं नाव मोठ्यांच्या यादीत घालू नका, मला घाई नाही. आणि यंदा डगला मी घालणार. दाढी न लावता, माझ्याच बुटांत. चिमणी पिशवी धरणार. साठच्या साठ मुलांना ती सगळं समजावून सांगणार आहे, त्यांची काळजी नको. तुम्ही फक्त मोठ्यांना एवढ्यात काही कळू देऊ नका. वर्षातून एकदा तोंड दाखवलं की माणूस मंडळीचा होतो, यावर त्या एकशे अठ्ठ्याण्णव जणांचा अजून मनापासून विश्वास आहे. या वयात तो मोडायला नको."